ग्योंगजूची टेकाडे पाहताना: एका पायी सहलीचे परीक्षण

दक्षिण कोरियाच्या आग्नेय भागातील ग्योंगजू हे शहर जवळजवळ हजार वर्षे शिल्ला राज्याची राजधानी होते आणि त्या राजधानीने आपले राजे कसे पुरले हे पाहण्यासाठी मी तेथे गेलो होतो. शहरात पाऊल ठेवल्यावर मात्र पहिल्या तासाभरातच एक प्रश्न पडतो आणि तो कोणाला विचारण्याचा संकोचही वाटतो: या टेकाडांत पाहायचे काय? घरांच्या कौलांमागे, बसथांब्याच्या पलीकडे, दुकानांच्या रांगेच्या शेवटी, जिकडे नजर जावी तिकडे गवताने झाकलेले गोल उंचवटे दिसतात. त्यांना दार नाही, शिखर नाही, कोरीवकाम नाही आणि बहुतेकांखाली कोण निजले आहे हेही ठाऊक नाही. जे महत्त्वाचे आहे ते एक तर आत आहे किंवा आतून काढून संग्रहालयात नेलेले आहे. म्हणून एरवी मी जी गोष्ट टाळतो ती या वेळी केली, आणि एका स्थानिक संस्थेची, इंग्रजी बोलणाऱ्या मार्गदर्शिकेसह दिवसभर चालणारी पायी सहल घेतली. हे परीक्षण त्या सहलीचे आहे. संस्थेचे नाव मुद्दामच देत नाही, कारण माझ्या तक्रारी एका कार्यालयाविरुद्ध नाहीत, सहलीच्या आखणीविरुद्ध आहेत.

आधी पैशांचा हिशेब सांगतो, कारण सहल घ्यावी की नाही हे त्यावरच ठरते. शहराच्या मध्यभागी असलेल्या देरुंगवॉन या दफनभूमीच्या उद्यानात २०२३ पासून प्रवेश विनामूल्य आहे. आतल्या चॉनमाचोंग या एकाच थडग्यात शिरण्यासाठी मोठ्या माणसाला ३,००० वॉन मोजावे लागतात. ग्योंगजू राष्ट्रीय संग्रहालयाची कायमस्वरूपी दालनेही विनामूल्य पाहता येतात. ही सर्व ठिकाणे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असल्याने वाहनाचा खर्चही नाही. याचा अर्थ असा, की सहलीचे जे शुल्क आपण भरतो ते जवळजवळ सगळे मार्गदर्शिकेच्या बोलण्याचे असते. तेव्हा माझी कसोटी साधी होती: सकाळी जे टेकाड नुसते हिरवे दिसले, ते संध्याकाळी वेगळे दिसते का?

सकाळी नऊ वाजता देरुंगवॉनच्या दारापाशी आम्ही आठ जण जमलो. प्रत्येकाला कानात घालायचे एक यंत्र दिले गेले, जे दिवसभर खरखरत राहिले आणि दुपारनंतर बहुतेकांनी खिशात टाकले. मार्गदर्शिका पन्नाशीच्या घरातल्या, आवाज खणखणीत, त्यामुळे यंत्रावाचून फारसे अडले नाही. त्यांनी सुरुवात इतिहासाने केली नाही, शब्दांनी केली, आणि तेथेच मला त्यांच्याविषयी विश्वास वाटू लागला. ज्या थडग्यातील राजा किंवा राणी कोण हे परंपरेने ठाऊक आहे त्याच्या नावापुढे ‘नुंग’ लागतो. जे थडगे मोठे आहे, उत्खननात मौल्यवान वस्तू मिळाल्या आहेत, पण मालक कोण हे कळलेले नाही, त्याला ‘चोंग’ म्हणतात. आणि बाकीच्यांना नुसता क्रमांक. कोरिया जपानची वसाहत असताना जपानी संशोधकांनी या सपाटीवरील ठळक टेकाडांना क्रमांक दिले आणि तो शेवटचा क्रमांक होता १५५. हे तीन प्रत्यय लक्षात ठेवले की प्रत्येक फलकावरच्या नावातूनच कळते, की संशोधकांना त्या टेकाडाबद्दल किती ठाऊक आहे. एवढी उपयोगी गोष्ट मला तेथल्या कोणत्याही माहितीपत्रकात इतक्या सोप्या शब्दांत सांगितलेली आढळली नाही.

देरुंगवॉनमध्ये २३ टेकाडे आहेत आणि उद्यानाचे नाव आले आहे ते मिचू राजाच्या थडग्यावरून, कारण जुन्या बखरीत त्याला ‘मोठ्या थडग्यात’ पुरल्याची नोंद आहे. मिचू हा किम घराण्यातला पहिला राजा, तिसऱ्या शतकातला. त्याच्या टेकाडाभोवती बांबूची राई आहे आणि तिच्याशी जोडलेली कथा मार्गदर्शिकेने रंगवून सांगितली: शत्रू चालून आला असता कानात बांबूची पाने खोवलेले अनोळखी सैनिक कोठून तरी आले, लढून नाहीसे झाले, आणि नंतर मिचूच्या थडग्यापाशी बांबूच्या पानांचा खच पडलेला लोकांना दिसला. कथा सुरेख आहे, पण तिच्यासाठी उन्हात वीस मिनिटे उभे राहणे मला जास्त वाटले.

त्यानंतरचा अर्धा तास मात्र पूर्ण सहलीचे पैसे वसूल करणारा ठरला. एका मोठ्या टेकाडाच्या पायथ्याशी थांबून त्यांनी वाळूत काडीने आकृती काढली आणि चौथ्या ते सहाव्या शतकातले शिल्लाचे थडगे कसे रचले जाई हे पायरीपायरीने समजावले. जमिनीवर किंवा उथळ खड्ड्यात आधी ओंडक्यांची एक कोठी उभारायची. तिच्यात शवपेटी आणि शेजारी मडकी, शस्त्रे, खोगिरे, दागिने भरलेली दुसरी पेटी ठेवायची. मग कोठीच्या चहूबाजूंनी आणि माथ्यावर नदीतले गोटे रचायचे, तेही थोडेथोडके नव्हे, माणसाला आत शिरणे अशक्य व्हावे इतके. गोट्यांच्या ढिगावर चिकणमातीचा थर लिंपायचा, आणि त्यावर मातीचे प्रचंड टेकाड चढवून गवत लावायचे. या रचनेत आत जाण्याची वाटच नसते. काही काळाने लाकूड कुजते, कोठीचे छत ढासळते आणि वरचे सगळे गोटे शवपेटीवर कोसळतात. काही टेकाडांचा माथा किंचित खचलेला दिसतो तो त्यामुळे. राजाच्या देहावर टनांनी दगड पडावेत ही गोष्ट ऐकायला क्रूर वाटते, पण त्याच दगडांनी त्याचे सोने दीड हजार वर्षे राखले. वरून खणू पाहणाऱ्या चोराच्या खड्ड्यात भोवतालचे गोटे पुन्हा घसरत येतात. पुढच्या काळात शिल्लाने दगडी दालनाची, बाजूने वाट असलेली थडगी बांधायला सुरुवात केली आणि ती थडगी मोठ्या प्रमाणात लुटली गेली. दार हवे, म्हणजे पुन्हा उघडून घरातल्या दुसऱ्या माणसाला तेथे ठेवता येईल, ही सोय त्यांना महागात पडली. विदर्भातील महापाषाणयुगीन शिलावर्तुळे ज्यांनी पाहिली असतील त्यांना गोट्यांच्या राशीखाली माणूस आणि त्याच्या घोड्याचा साज पुरण्याची कल्पना नवी वाटणार नाही. ग्योंगजूत थक्क करते ते तिचे आकारमान.

ते आकारमान डोळ्यांत भरते ते ह्वांगनामदेचोंगपाशी. हे जोडटेकाड आहे, एकमेकांना चिकटलेले दोन उंचवटे, उंटाच्या पाठीसारखे. उत्तर-दक्षिण लांबी १२० मीटर, रुंदी ८० मीटर आणि उंची सुमारे २३ मीटर. १९७३ ते १९७५ या काळात ते उकरले गेले आणि त्यातून ५० हजारांहून अधिक वस्तू निघाल्या. दक्षिणेकडच्या टेकाडात साठीच्या आसपासचा पुरुष होता, शस्त्रांनी आणि घोड्याच्या सामानाने वेढलेला. उत्तरेकडच्या टेकाडात स्त्री होती, हे तिच्या पट्ट्याच्या एका चांदीच्या तुकड्यावर कोरलेल्या ‘बाईसाहेबांचा पट्टा’ अशा अर्थाच्या अक्षरांवरून ओळखले गेले. गंमत अशी, की शुद्ध सोन्याचा मुकुट स्त्रीच्या टेकाडात मिळाला आणि पुरुषाच्या टेकाडात मिळाले ते चांदीचे व सोन्याचा मुलामा दिलेले तांब्याचे मुकुट. राजापेक्षा राणीच्या डोक्यावर अधिक सोने का, याची उत्तरे संशोधक आजही वेगवेगळी देतात, आणि मार्गदर्शिकेने त्यांतले एकही आपल्याला पटलेले म्हणून लादले नाही. पुरुषाच्या शवपेटीबाहेर सुमारे पंधरा वर्षांच्या एका मुलीचे अवशेषही सापडले होते. तिला धन्याबरोबर पाठवले गेले असावे. त्या वाक्यानंतर आमच्या गटात बराच वेळ कोणी बोलले नाही.

याच पुरुषाच्या टेकाडातून एक काचेचा चंबू निघाला आहे, पक्ष्याच्या चोचीसारख्या तोंडाचा, भूमध्य समुद्राकडच्या धाटणीचा. त्याची मूठ कधीतरी मोडली आणि ती सोन्याच्या तारेने बांधून दुरुस्त केली गेली. ज्या दरबारात सोन्याचे डूल, सोन्याचे पट्टे, सोन्याच्या वाट्या पुरल्या जात होत्या, तेथे फुटकी काच जपण्यासाठी सोने वापरले गेले, कारण सोने जवळ होते आणि ती काच अर्धे जग ओलांडून आलेली होती. हा तपशील ऐकून मी तो चंबू पाहायला अधीर झालो, आणि तेव्हाच कळले की तो चंबू आणि राणीचा सुवर्णमुकुट हे दोन्ही एरवी सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयात असतात. संस्थेच्या जाहिरातीत मात्र याच टेकाडाच्या चित्राशेजारी त्या मुकुटाचे चित्र छापलेले होते. खोटे त्यात काही लिहिले नव्हते, तरी पाहणाऱ्याचा समज काय होईल हे छापणाऱ्याला कळले नसेल असे वाटत नाही.

चॉनमाचोंग म्हणजे क्रमांक १५५, सगळ्या टेकाडांतले आत जाता येणारे. व्यास ४७ मीटर, उंची १२.७ मीटर. याच्या उत्खननाची गोष्टच मोठी मनोरंजक आहे. सरकारला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्योंगजूचा पर्यटनासाठी विकास करायचा होता आणि त्यासाठी ह्वांगनामदेचोंग उकरण्याचा आदेश निघाला. एवढे मोठे टेकाड उकरण्याचा अनुभव कोरियन संशोधकांपैकी कोणालाच नव्हता, तेव्हा हात बसावा म्हणून त्यांनी शेजारचे लहान टेकाड निवडले. सरावासाठी निवडलेल्या त्या थडग्यातून १९७३ साली ११ हजारांहून अधिक वस्तू बाहेर आल्या: सुवर्णमुकुट, सोन्याचा लटकत्या साखळ्यांचा पट्टा, मडक्यात ठेवलेली कोंबडीची अंडी, आणि ज्यावरून थडग्याला ‘स्वर्गीय घोड्याचे थडगे’ हे नाव मिळाले ते चित्र. हे चित्र भूर्जाच्या सालीवर आहे. आपल्याकडे भूर्जपत्र म्हटले की पोथी आठवते. येथे त्याच सालीचे थर शिवून घोड्याच्या खोगिराच्या दोन्ही बाजूंना लोंबणारी, स्वारावर चिखल उडू नये यासाठीची झूल केली होती, आणि तिच्यावर शेपूट उभारून धावणारा पांढरा प्राणी रंगवला होता. त्याच्या डोक्यावर शिंगासारखे काहीतरी दिसते म्हणून तो घोडा नसून पुराणातला किरिन हा शिंग असलेला प्राणी असावा असेही काही अभ्यासक मानतात. मुकुट उचलला त्या क्षणी आभाळ काळवंडून आले आणि विजा कडाडल्या, असे तेथे सांगतात. मार्गदर्शिकेने ही कथा सांगताना मिस्कील हसून पुढे जोडले, की त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती आणि गावकरी त्याचा दोष उत्खननालाच देत होते, त्यामुळे पाऊस आल्यावर सर्वांत मोठा सुस्कारा संशोधकांनीच टाकला असेल.

आत गेल्यावर टेकाड अर्धे कापलेले दिसते: डाव्या हाताला गोट्यांची रास, मध्ये लाकडी कोठी, तिच्यात वस्तू जेथे सापडल्या तेथे मांडलेल्या. वाळूतली आकृती आता आपल्याभोवती उभी राहते, आणि सकाळच्या अर्ध्या तासाचे महत्त्व येथे पटते. तो पाठ ऐकलेला नसेल तर हे दालन पाच मिनिटांत संपते. आमच्यापुढे गेलेल्या एका कुटुंबाचे तसेच झाले. आत मांडलेल्या वस्तू प्रतिकृती आहेत. यात संग्रहालयशास्त्राच्या दृष्टीने काही वावगे नाही, कारण मूळ सुवर्णमुकुट शहराच्या संग्रहालयात सुरक्षित आहे आणि भूर्जावरचे मूळ चित्र तर उजेडाने खराब होईल म्हणून फार क्वचित बाहेर काढले जाते. पण आमच्या गटातल्या दोघांना हे शेवटपर्यंत कळले नव्हते, आणि ते त्यांना आधी सांगणे हे सहलीवाल्यांचेच काम होते.

बाहेर आल्यावर सहलीचा सर्वांत वाईट भाग सुरू झाला. देरुंगवॉनमध्ये दोन टेकाडांच्या मध्ये एक मॅग्नोलियाचे झाड आहे आणि त्याच्यासमोर छायाचित्र काढून घेण्यासाठी रांग लागते. आम्हाला त्या रांगेत पाऊण तास उभे केले गेले, कारण ‘छायाचित्रण’ हा सहलीतला एक ठरलेला टप्पा होता. त्याआधी ज्यांना हानबोक हा पारंपरिक कोरियन पोशाख भाड्याने घ्यायचा असेल त्यांच्यासाठी एका दुकानातही थांबा झाला होता. जागा खरोखर सुंदर आहे. दोन टेकाडांच्या वळणांनी आभाळाचा जो तुकडा कापला जातो तो मी विसरणार नाही. पण छायाचित्रासाठी पाऊण तास आणि संग्रहालयासाठी, पुढे सांगतो त्याप्रमाणे, तासापेक्षा कमी, हा हिशेब ज्याने केला त्याने मार्गदर्शिकेला विचारले नसावे. त्या स्वतः घड्याळ पाहत होत्या.

देरुंगवॉनच्या पूर्वेला रस्ता ओलांडला की चोकसेम नावाचा भाग लागतो. येथे टेकाडांच्या मधोमध एके काळी वस्ती होती. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत चोकसेमच्या उत्खनन-दालनासाठी अर्धी ओळ होती, आणि मला विचाराल तर दिवसभरातले हेच सर्वांत मोलाचे ठिकाण. मोठ्या छपराखाली एक पूर्ण थडगे, क्रमांक ४४, उघडे करून ठेवलेले आहे आणि आपण वरच्या कठड्यावरून खाली पाहतो. २०१४ पासून जवळजवळ दहा वर्षे संशोधकांनी ते सावकाश, थराथराने उकरले. चॉनमाचोंग काही महिन्यांत उरकले गेले होते. दोन पिढ्यांत उत्खननाची रीत किती बदलली हे येथे डोळ्यांनी दिसते. गोट्यांची मोजदाद झाली तेव्हा ते १ लाख ६० हजारांहून अधिक भरले, वजन सुमारे १,००० टन. आणि हे सगळे कोणासाठी? सापडलेल्या दागिन्यांच्या आकारावरून संशोधकांचा अंदाज असा, की आत सुमारे १३० सेंटिमीटर उंचीची, दहा वर्षांच्या आसपासची राजघराण्यातली मुलगी होती. तिच्या पायाशी काळ्या, पांढऱ्या आणि करड्या रंगाच्या ८६० च्या आसपास गुळगुळीत सोंगट्या ठेवलेल्या होत्या, बादुक या पटावरच्या खेळाच्या. हा खेळ पुरुषांचा, असे जुन्या नोंदींवरून धरून चालणाऱ्यांना त्या सोंगट्यांनी विचारात पाडले. तिच्या घोड्याच्या झुलीवर सोनपाखरांच्या हिरव्या पंखांची फुले बसवलेली होती. मार्गदर्शिकेने येथे आपणहून बोलणे थांबवले आणि आम्हाला कठड्यापाशी एकटे सोडले. चांगला मार्गदर्शक केव्हा गप्प बसावे हेही जाणतो.

चोकसेमविषयी त्यांनी एक विषादाची गोष्टही सांगितली. २०२० मध्ये याच भागातल्या एका टेकाडाच्या माथ्यावर कोणी आपली मोटार नेऊन उभी केली होती, आणि ते छायाचित्र देशभर फिरले. टेकाडांवर चढण्यास बंदी आहे, सूचना जागोजागी आहेत, तरीही उताराची हिरवळ पाहून आमच्यातल्या एका तरुणाचा पाय उचललाच होता.

जेवण सहलीत समाविष्ट होते आणि त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. त्यानंतर लाल चवळीसारख्या दाण्यांच्या गोड सारणाची जी छोटी ह्वांगनाम भाकरी सर्वांनी चाखली ती मात्र उत्तम होती.

दुपारी देरुंगवॉनच्या उत्तरेला, नोदोंग आणि नोसो या भागांत नेले गेले. येथे कुंपण नाही, तिकीट नाही. माणसे टेकाडांमधून बाजाराला जातात, मुले सायकली फिरवतात. बोंगह्वांगदे हे एकाकी टेकाड २२ मीटर उंच आणि ८२ मीटर व्यासाचे आहे, आणि त्याच्या अंगावर जुनी, भली मोठी झाडे उगवलेली आहेत. ते अजून उकरलेले नाही. त्याच्या आजूबाजूची थडगी मात्र विसाव्या शतकाचा सगळा इतिहास सांगतात. १९२१ साली एका घराच्या परसात खोदकाम चालू असता सोने दिसू लागले आणि काही दिवसांत घाईघाईने सगळे बाहेर काढले गेले. शिल्लाचा पहिला सुवर्णमुकुट असा मिळाला, म्हणून त्या थडग्याचे नाव गुमग्वानचोंग, म्हणजे सुवर्णमुकुटाचे थडगे. तेथल्या तलवारीवर ‘इसाजी राजा’ ही अक्षरे कोरलेली आहेत हे २०१३ मध्ये, ब्याण्णव वर्षांनी, साफसफाई करताना लक्षात आले. शेजारचे सॉबोंगचोंग १९२६ मध्ये उकरले जात असता पुरातत्त्वाचा छंद असलेला स्वीडनचा युवराज गुस्ताफ आडोल्फ तेथे आला आणि त्याच्या हस्ते मुकुट उचलला गेला. म्हणून नावातला पहिला अक्षरगट स्वीडनच्या चिनी नावातला आणि दुसरा मुकुटावरच्या दैवी पक्ष्याचा. परक्या सत्तेने परक्या पाहुण्याच्या स्वागतासाठी उघडलेले थडगे, असे त्याचे वर्णन करता येईल. त्याच्याजवळच होउचोंग आहे, १९४६ मध्ये, स्वातंत्र्यानंतर कोरियन संशोधकांनी उकरलेले पहिले थडगे. त्यात कांस्याची एक वाटी मिळाली, आणि तिच्या बुडावर उत्तरेकडच्या गोगुर्यो राज्याच्या ग्वांगगेतो राजाचे नाव आणि इसवी सन ४१५ शी जुळणारे वर्ष आहे. बलाढ्य शेजाऱ्याची वाटी शिल्लाच्या थडग्यात कशी आली हे सांगताना मार्गदर्शिकेने चौथ्या-पाचव्या शतकातले सगळे राजकारण दहा मिनिटांत उलगडले. ही तीन थडगी एका दमात चालून होतात, आणि मला वाटते ग्योंगजूतले इतके अर्थपूर्ण शंभर पावलांचे अंतर दुसरे नाही.

अशी टेकाडे पुढे का थांबली, हा प्रश्न मी विचारला. उत्तर चालता चालता मिळाले. ५०२ साली चिजुंग राजाने मृत राजाबरोबर माणसे पुरण्यावर बंदी घातली. त्याआधी राजा गेला की पाच पुरुष आणि पाच स्त्रिया मारल्या जात, अशी बखरीत नोंद आहे. ५२७ मध्ये बॉपहुंग राजाच्या काळात बौद्ध धर्माला राजमान्यता मिळाली. त्यानंतर सोने आणि मनुष्यबळ मंदिरांकडे वळले, थडगी सपाटी सोडून डोंगरपायथ्याशी गेली आणि लहान झाली. एवढे सांगून त्यांनी पूर्वेकडे बोट दाखवले, जेथे ह्वांगन्योंगसा या महाविहाराच्या आता फक्त पायाच्या शिळा उरल्या आहेत, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, की तेथली मोठी बुद्धमूर्ती तुमच्या अशोकाने जहाजातून पाठवलेल्या लोखंडाची आणि सोन्याची होती असे आमचा तेराव्या शतकातला एक ग्रंथ सांगतो. मूर्ती ओतली ५७४ मध्ये, अशोक त्याच्या आठशे वर्षांपूर्वीचा. जहाज तेवढा काळ समुद्रात भटकत होते अशी तजवीज त्या कथेनेच केलेली आहे.

चॉमसॉंगदे वेधशाळा आणि वॉलसॉंग राजवाड्याची जागा आम्ही जवळजवळ धावतच ओलांडली, आणि संग्रहालयात पोहोचलो तेव्हा हाताशी पन्नास मिनिटे होती. त्यांतली दहा आवारातल्या ७७१ सालच्या प्रचंड घंटेपाशी गेली. उरलेल्या चाळीस मिनिटांत मी चॉनमाचोंगचा खरा मुकुट पाहिला: पातळ सोन्याच्या पत्र्याची पट्टी, तिच्यावर फांद्या फुटलेल्या झाडासारखे तीन उभे पत्रे, मागे सांबराच्या शिंगासारखे दोन, आणि सगळीकडे तारांनी टांगलेल्या सोन्याच्या चकत्या व कोयरीच्या आकाराचे हिरवे जेड. पत्रा इतका पातळ आहे, की हे डोक्यावर घालून राजा दरबारात बसत असे की ते फक्त अंत्यविधीसाठी होते हा वाद का चालतो हे पाहताक्षणी समजते. मिचूच्या थडग्याजवळ मिळालेला, आत इवलेसे मानवी चेहरे असलेला काचेचा मणी आणि ग्येरिमरो रस्त्याच्या कामात १९७३ मध्ये सापडलेली, मध्य आशियाई घडणीची, सोन्याची रत्नजडित खंजीर-म्यान मी नीट न पाहताच सुटलो. २०२५ मध्ये या संग्रहालयाने शिल्लाचे सहाही सुवर्णमुकुट प्रथमच एकत्र मांडले होते हे मला माहीत होते; मला एकासमोरही पुरेसा वेळ उभे राहता आले नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच परत गेलो आणि संग्रहालयात तीन तास घालवले. म्यान पाहिली, मणी पाहिला, आणि मग संध्याकाळी बोंगह्वांगदेपाशी जाऊन बसलो. माझ्या कसोटीला सहल उतरली, हे मान्य करायलाच हवे: त्या झाडांखाली ओंडक्यांची कोठी आणि तिच्यावर रचलेली गोट्यांची रास आता मला दिसत होती.

म्हणून माझा सल्ला असा. मार्गदर्शक अवश्य घ्यावा, पण अर्ध्या दिवसाचा. सकाळी देरुंगवॉन, मग चॉनमाचोंग, मग चोकसेम, आणि तेथे त्याला निरोप द्यावा. आरक्षण करताना दोन प्रश्न लेखी विचारावेत: हानबोकचा आणि छायाचित्रांचा थांबा वगळता येईल का, आणि संग्रहालयाला नेमका किती वेळ आहे. दुसऱ्याचे उत्तर दोन तासांहून कमी आले तर संग्रहालय सहलीतून काढून टाकावे आणि स्वतः पाहावे. सोलहून वेगवान रेल्वेने दोन तासांत पोहोचून त्याच दिवशी परतण्याचा बेत मात्र करू नये. स्थानक शहरापासून दूर आहे आणि जाण्यायेण्यात दिवसाचे दोन्ही टोकांचे उजेड जातात, जेव्हा टेकाडांच्या सावल्या लांब पडून त्यांचा खरा उंचसखलपणा दिसतो. हे सगळे मी संस्थेला लिहून कळवले. उत्तर सौजन्याने आले, मार्गदर्शिकेची स्तुती तिच्यापर्यंत पोहोचवल्याचे त्यात होते. मॅग्नोलियाच्या झाडाबद्दल काही नव्हते.